माळावर अरण्य लावण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरतात, तालुक्यातालुक्याला हुकूम सुटतात आणि बारामती-इंदापूरच्या माळावर खड्ड्यांच्या रांगा दिसू लागतात. या उत्साहाच्या मुळाशी अशी दृढ समजूत असते की येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, माणसाच्या कुऱ्हाडीने ते नाहीसे केले आणि त्याची भरपाई करणे आता आपले कर्तव्य आहे. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका नाही. परंतु सदाहरित वृक्षांची सरहद्द आखण्याचे काम कुऱ्हाडीच्या लक्षावधी वर्षे आधी हवामानाने केले, हे या समजुतीत बसत नाही.

एके काळी ही सरहद्द फार दूरवर होती. गुजरातेतील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची जी राळ मिळाली आहे, ती डिप्टेरोकार्प कुळातील वृक्षांची आहे, आणि या कुळाची दाट सदाहरित वने आज दक्षिण सह्याद्रीत आणि आग्नेय आशियात पाहावयास मिळतात. पुढे हवा कोरडी होत गेली, पाऊस चार महिन्यांत कोंडला गेला आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून उष्ण प्रदेशातील गवते पसरू लागली. शिवालिकच्या प्राचीन मातीतील कार्बनाच्या समस्थानिकांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अलीकडच्या हिमयुगाच्या ऐन भरात मोसमी पाऊस क्षीण झाल्याचा पुरावा निलगिरीच्या दलदलीतील कुजट मातीच्या थरांत रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा प्रत्येक कोरड्या कालखंडात सदाहरित वृक्षांना ओल टिकून राहणाऱ्या खोऱ्यांचा आसरा घ्यावा लागला, आणि तसा आसरा दक्षिणेस अधिक होता. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला वृक्षजातींची जी विपुलता आढळते, तिचे एक कारण तेथील हवामानाचे दीर्घकालीन स्थैर्य हे आहे, असे नवेंदू पागे आणि कार्तिक शंकर यांनी २०२० साली मांडले.

येथे एक गोष्ट सामान्यतः नजरेतून निसटते. पाऊस किती पडतो यापेक्षा कोरडे महिने किती, हा प्रश्न सदाहरित वृक्षाच्या दृष्टीने मोठा असतो. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तरीही त्यानंतरची सात-आठ महिन्यांची कोरड सोसू शकणाऱ्या अंजनी, जांभूळ, पिसा अशा मोजक्या वृक्षांचेच तेथे प्राबल्य आहे, तर त्याहून पुष्कळ कमी पावसाच्या केरळातील अरण्यात, केवळ कोरडा काळ आखूड असल्यामुळे, जातींची दाटी होते. मग घाटाच्या पर्जन्यछायेत, जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या इंदापुराने सदाहरित व्हावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची? भीमा भीमाशंकराच्या हिरव्या रानातून निघते, नीराही सह्याद्रीतूनच येते, आणि नरसिंगपुरापाशी दोघींचा संगम होतो. पण नद्यांबरोबर अरण्य उतरून आले नाही. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, हे खरे. तो कालव्याचा पराक्रम आहे, हवामानाचा नव्हे.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख धुंडाळले, तेव्हा त्यांत माळरानाच्या वनस्पतींचाच भरणा अधिक आढळला. माळ हा काही अरण्याचा अवशेष नव्हे. बाभूळ, हिवर, तरवड आणि पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते तेथील जुनी रहिवासी आहेत. चिंकारा, लांडगा आणि धनगरांची मेंढरे यांचा निर्वाह त्यांच्यावरच चालतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या घरात भरते; कडबनवाडीसारख्या गवताळ पट्ट्यांना तेवढेही कवच नाही, कारण महसुली नजरेला अशी जमीन ‘पडीक’ दिसते, आणि पडीक म्हटले की झाडे, कारखाना वा सौर पट्टे यांपैकी काहीतरी तेथे यायचेच.

म्हणून सूचना साधी आहे. रोपे गावठाणात, कालव्याच्या काठी, पालखीमार्गाच्या दुतर्फा अवश्य लावावीत. वारकऱ्यांना सावली हवीच. गायरानावर आणि वनखात्याच्या गवताळ जमिनीवर मात्र खड्डा खणण्यापूर्वी तेथील गवताची पाहणी व्हावी, लागवडीच्या उद्दिष्टातून ते क्षेत्र वजा करावे, आणि दप्तरातील ‘पडीक’ हा शेरा काढून तेथे ‘गवताळ माळरान’ अशी नोंद घालण्यासाठी ग्रामसभांनी ठराव करावेत.