न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस

तुमच्या शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठला कोणीतरी मोजपात्रातले पाणी पाहून वहीत आकडा लिहीत असेल. पुढे ती वही कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे! ही वही संगणकात भरून, दुसऱ्या कोणत्याही संगणकाला तिच्याकडे माहिती मागता येईल अशी सोय करणे आठवी-नववीच्या मुलामुलींना सहज झेपेल. या सोयीला एपीआय म्हणतात. माझे मत असे, की हा प्रयोग संगणकाच्या तासाला नव्हे, विज्ञानाच्या तासाला करावा.

एपीआय म्हणजे काय, हे समजायला बँकेतली पैसे काढण्याची स्लिप आठवा. खिडकीपलीकडे कोणती कपाटे आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. स्लिप बरोबर भरली की पैसे मिळतात, चुकली की परत येते. संगणकांच्या दुनियेत स्लिप भरण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. ते टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत तयार केले आणि १९९१ साली ते जगापुढे आले. सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा आहे, हे पदार्थविज्ञानाच्या माझ्यासारख्या शिक्षकाला जरा अभिमानाने सांगावेसे वाटते.

खिडकीमागचा कारकून मात्र आपल्याला घडवायचा नसतो. त्याचे रोजचे काम करणारी तयार चौकट मिळते, तिला फ्रेमवर्क म्हणतात. पायथन भाषेसाठी २०१० साली आलेली फ्लास्क ही अशीच एक छोटी, फुकट मिळणारी चौकट. अमुक पत्त्यावर विचारणा आली की अमुक फंक्शन चालव, एवढे तिला सांगायचे. फंक्शनने वहीतली नोंद डिक्शनरीच्या रूपात परत केली, की फ्लास्क तिचे जेसन नावाच्या मजकुरात रूपांतर करून धाडते. उत्तर ठीक असेल तर सोबत २०० हा अंक जातो. नसलेला पत्ता विचारला तर ४०४ जातो आणि तुमचे फंक्शन काहीच परत न करता संपले तर ५००. ही सगळी आज्ञावली दहा-पंधरा ओळींत बसते.

मग आपल्याकडे काय उरते? उरते ते सगळे विज्ञान.

शनिवारी सकाळी नोंद झाली, रविवारी शाळा बंद. सोमवारी मोजपात्रात ७० मिलिमीटर पाणी निघाले. आता रविवारपुढे काय लिहाल? शून्य लिहिले तर रविवार कोरडा ठरला आणि सोमवारी एकदम ७० मिलिमीटर पडला. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'मुसळधार' सुरू होतो, म्हणजे तुम्ही न झालेली मुसळधार जगाला कळवलीत. ३५-३५ अशी वाटणी केलीत तर तो अंदाज झाला, मोजमाप नव्हे. खरे उत्तर एकच: रविवारी 'नल', म्हणजे नोंद नाही, आणि सोमवारी ७०, पण कालावधी ४८ तास. हा कालावधी सांगणारा रकाना फ्लास्क आपणहून घालणार नाही. तो हवा, हे तुम्हालाच सुचले पाहिजे.

काही शिक्षक म्हणतील, मुलांना इतका काथ्याकूट कशाला? तर हे पाहा. तीन दिवसांपैकी पहिल्या दिवशी २० आणि तिसऱ्या दिवशी ४० मिलिमीटर पडला, मधली नोंद राहून गेली. नोंद झालेल्या दिवसांची सरासरी ३० येते. मधे शून्य धरलेत तर ती २० होते. उत्तर घेणारा संगणक तुमच्या शाळेत येऊन विचारणार नाही. जे मिळाले ते खरे मानून पुढे जाईल.

एककाचेही तसेच. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोहोचताच नष्ट झाले. जमिनीवरची एक आज्ञावली आवेग पौंड-सेकंदांत देत होती आणि घेणारी आज्ञावली तो न्यूटन-सेकंदांत समजत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा! दोन्हीकडे गणित चालूच होते, एकक मात्र आकड्याबरोबर गेले नाही. तेव्हा रकान्याला नुसते 'पाऊस' नाव देऊ नका, 'पाऊस_मिमी' असे द्या.

तारीखसुद्धा सरळ नाही. ०५-०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे? आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम पाळा. शिवाय ५ जुलैच्या सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस बराचसा ४ तारखेचा असतो, म्हणून 'साडेआठला संपणारे २४ तास' असे स्पष्ट लिहायला हवे. आणि कोणी ३१ जूनचा पाऊस मागितला तर? तिथे चूक विचारणाऱ्याची आहे, ४०० पाठवा. रविवारच्या 'नल'ला मात्र २०० च योग्य, असे मला वाटते. कारण नोंद नाही हेही खरे उत्तरच आहे. यावर वर्गात वाद होईल, तो होऊ द्यावा.

शिक्षकांना एक सुचवतो. आज्ञावली लिहिण्याआधी हे सारे नियम एका कागदावर लिहून घ्या. मग एका गटाने एपीआय करावा आणि दुसऱ्या गटाने, केवळ त्या कागदाच्या आधारे, त्यातून जुलैचा आलेख काढावा. दोन्ही गटांनी आपसात बोलायचे नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकांचे आपसातले जाळे याला पुरते, इंटरनेट लागत नाही. फ्लास्कबरोबर येणारा सर्व्हर तसाही चाचणीपुरताच असतो, तो बाहेरच्या जगासाठी उघडा ठेवू नये. आलेख तयार झाला की कपाटातली वही काढून एकेक दिवस ताडून पाहा. सुरुवात सोमवारांपासून करा.