जाहिरात अडविणारा वाचक

संपादक महाशय,


संगणकावर जाहिराती अडविणारा वाचक फुकट्या आहे आणि सरकारने जाहिरातींच्या व्यवसायात हस्तक्षेप करू नये, असा जो अभिप्राय गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला सर्वस्वी अमान्य आहे. वृत्तपत्रातील जाहिरात आपल्या चौकटीत निमूट बसे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील जाहिरात मात्र मजकूरच झाकते, मिटविण्याची फुली दिसेल न दिसेल इतकी बारीक ठेवते, आणि वाचक काय पाहतो याची नोंद पुष्कळदा त्याच्या नकळत त्रयस्थांच्या दफ्तरी जमा करते. लहान प्रकाशकांचे उत्पन्न बुडते, ही तक्रार तेवढी रास्त आहे; परंतु आक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने जाहिराती अडविणाऱ्या ‘ॲडब्लॉक प्लस’ या साधनावर अनुचित स्पर्धेबद्दल गुदरलेली फिर्याद जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2018 साली फेटाळली, हे पत्रलेखकांच्या गावी नसावे. शिवाय नियमन आपणांस नवे थोडेच आहे? जादूच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभुलीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा वार्तेचे सोंग घेतलेल्या जाहिरातींविरुद्ध सरकारने 2023 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची अंमलबजावणी कसोशीने व्हावी, यासाठी आपल्या पत्राने आवाज उठवावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार