छत्तीसगढी वगळून कसला व्यापार?

संपादक महाशय,

रायपूरच्या छोट्या दुकानदाराला पाटी-पत्रकासाठी हिंदी पुरे, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष पटत नाही.

छत्तीसगढी जनगणनेत हिंदीखाली मोजली जाते, हे लेखक सांगतात. मात्र 2011 साली सुमारे 1 कोटी 62 लाख लोकांनी तीच मातृभाषा नोंदवली आणि 28 नोव्हेंबर 2007 रोजी विधानसभेने तिच्या राजभाषा दर्जाचे विधेयक संमत केले, हे ते गाळतात.

भाषांतर परवडत नाही म्हणे! गोलबाजारातल्या किराणा दुकानाला ग्रंथ छापायचा नसतो. भाव, उधारीचा नियम, माल परत घेण्याची मुदत, एवढी चार वाक्ये पुरतात. ती यंत्राकडून करून घेतली, तरी दुकानातल्याच छत्तीसगढी बोलणाऱ्या नोकराकडून तपासून घ्यावीत. ज्याला वाचता येत नाही, त्याला तीच व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवावीत.

अपंग ग्राहकांची सोय ही दुकानदाराची मर्जी, हेही चूक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 46 सुगम्यतेचे बंधन खासगी सेवादात्यांवरही घालते. शिवाय ठळक, मोठ्या अक्षरांची पाटी रंगवायला वेगळे भांडवल लागत नाही.

राहिला ‘आपली भाषा पातळ होईल’ हा धाक. मराठी घरातल्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांची मराठी त्यामुळे उणी झाली नाही. दुकानदाराची भाषाही उणी होणार नाही.

कळावे,
एक वाचक, रायपूर