बागेला आधी माळी, मग पेव्हिंग ब्लॉक



पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे. शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या महागावच्या पोरांनी तिथं फोटो काढलेच असतील. परवा मीही जाऊन आलो. दहा एकरांची बाग. तिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, कारण ती जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे.

मूळ बाग तिथल्या संस्थानिकाची, इकेदा त्सुनामासाची. काम सुरू झालं १६८७ ला, पुरं झालं १७०० ला. कारभारी होता त्सुदा नागातादा. १८८४ पासून ती सगळ्यांना खुली आहे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे राजाच्या या बागेत भाताची खाचरं आहेत, चहाचा मळा आहे. शेती दिसली तर कमीपणा येतो, असं तिथं कुणाला वाटलं नाही. आपण मात्र बाग म्हटलं की आधी प्लॅस्टिकचं हिरवं गवत शोधतो!

या बागांची एक युक्ती आहे. बागेबाहेरचा डोंगर, किल्ला नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, म्हणजे तोही बागेचाच भाग वाटतो. जपानीत याला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. ओकायामात काळा किल्ला दिसतो, पुण्यात पर्वतीची टेकडी. फुकटात. आपण काय करतो? आधी उंच कंपाउंड, मग त्यावर कार्टूनची चित्रं. दुसरी युक्ती वाटेची. वाट वळत जाते, म्हणून माणूस चालत राहतो.

हे सगळं करायला जपानचे दगड लागत नाहीत. काळा दगड आपल्याकडे पायलीला पन्नास आहे. पळस, कडुनिंब, मोह आपलेच.

लागतो तो माळी. कोराकुएन १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली होती. पण जुनी चित्रं आणि नकाशे जपलेले होते, त्यावरून ती पुन्हा उभी केली. आपल्याकडे कुठल्याही बागेचं उद्घाटन बघा. फीत, भाषण, सेल्फी पॉइंट. दोन उन्हाळ्यांनी झोक्याची साखळी तुटलेली आणि कारंज्यात पाण्याच्या बाटल्या. बांधायला निधी येतो, राखायला येत नाही. पक्ष कोणताही असो, हे तसंच चालतं.

आणि पाणी. २०२३ च्या जुलैत आपल्या तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला, हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली. ते आपण पाहिलंय. मग गावातल्या मोकळ्या जागेवर ब्लॉक अंथरताना पावसाचं पाणी कुठं मुरणार, हे तरी विचारू या. जपानी बागेत आधी पाण्याची वाट ठरते, मग माणसाची.

म्हणून पुढच्या वेळी बागेचा विषय निघाला की मी दोनच गोष्टी विचारणार आहे. माळ्याचा दहा वर्षांचा पगार कुठून देणार? आणि जागेवरची कोणती झाडं राहणार? तुम्हीही विचारा.

आणि हो, गावातल्या जुन्या विहिरी, पार, नाले, मोठी झाडं यांचे फोटो कुणाच्या घरी असतील तर कमेंटमध्ये टाका. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मागं दिसत असतील तरी चालतील.