गूळ आपला, नाव कुणाचं?

शिरूर-दौंडच्या कॉलेजांत हल्ली अभ्यासासोबत धंदा करणारे बरेच दिसतात. कुणी घरचा गूळ विकतं, कुणी आईच्या हातचा मसाला, कुणी कुर्ते. इन्स्टावर पेज पाच मिनिटांत निघतं, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकटात लागतो. पहिल्या ऑर्डरी मित्र आणि नातेवाईक देतात. खरी अडचण त्यानंतर येते. एकदा माल घेतलेल्या माणसाला पुन्हा घ्यायचा असतो, पण तो विचारतो, "अरे, ते गूळवालं पेज कुठलं होतं?" नाव काही आठवत नाही. ऑर्डर भलत्याकडेच जाते.

नाव आठवेल तरी कसं? 'नॅचरल', 'प्युअर', 'ऑरगॅनिक', 'फ्रेश' हे चार शब्द उलटसुलट जोडले की आपल्याकडे नाव तयार होतं. वर हिरवं पान आणि सोनेरी अक्षरं. असा लोगो दहा जणांकडे असतो. या गर्दीत आपल्याला वेगळं काढणारी गोष्ट खरं तर घरातच असते, आणि आपण नेमकी तीच लपवतो. ती म्हणजे आपलं गाव.

शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली पाहा. मोर आणि चिंचा, दोन्ही नावातच आहेत. कृषी पर्यटनासाठी तिथं जाणाऱ्या पुणेकराला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. नाव ऐकलं की चित्र उभं राहतं, आणि गावात गेल्यावर ते खरंही निघतं. ब्रँडकडून याहून जास्त काय हवं?

आता दौंडकडे या. केडगावच्या आसपास गुऱ्हाळं आहेत, ऊस आहे, गुळव्यांची कसब आहे. पण गिऱ्हाईक 'कोल्हापुरी' मागतं, म्हणून आपल्याच गुळावर तसं लेबल लावायचा मोह होतो. तो टाळाच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुसरीकडचा गूळ त्या नावानं विकणं बेकायदा आहे. शिवाय यात तोटा आपलाच. तुमचा गूळ आवडला, तरी कौतुक कोल्हापूरचं होणार.

रंगाचंही तसंच. रसायनं न वापरता केलेला गूळ सहसा गडद तपकिरी असतो. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस वापरतात. फोटोला फिल्टर मारून आपला गडद गूळ पिवळा दाखवणारा पोरगा स्वतःची ओळखच पुसतो. उलट 'आमचा गूळ काळपट का?' यावर गुऱ्हाळात उभं राहून एक रील करा. तो रंगच तुमची खूण होईल. मात्र जे लिहाल ते खरं हवं. गुळात साखर मिसळली जाते, हे गिऱ्हाईक ऐकून आहे. 'केमिकल फ्री' लिहायचं तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. खाण्याचा पदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लेबलवर हवाच.

हे जमतं का? दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात भोडणी नावाचं गाव आहे. तिथले सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे भाऊ बँकेतली नोकरी सोडून शेतीत उतरले. त्यांच्या ब्रँडचं नाव 'टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स'. दोन भाऊ आहेत, म्हणून 'टू ब्रदर्स', इतकं सरळ. शेत आणि शेतकरी समोर ठेवून ते तूप, गूळ थेट ऑनलाइन विकतात. 'ऑरगॅनिक' त्यांच्याही नावात आहे, पण लक्षात राहतात ते दोन भाऊ.

नाव ठरलं की ते सगळीकडे एकच ठेवा. पेजवर एक, पाकिटावर दुसरं आणि क्यूआर स्कॅन केल्यावर तिसरंच नाव दिसलं, की गिऱ्हाईक पैसे टाकताना बिचकतं. ते नाव आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतं. नुसतं गावाचं नाव किंवा 'शुद्ध गूळ' असे वर्णनाचे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत, म्हणून गावाला स्वतःचा एखादा शब्द जोडा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला 'आर' छापू नका, ते बेकायदा आहे.

यानंतरचं काम रोजचं आहे. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं, तेव्हा पाकीट हवाबंद हवं. तरीही माल खराब पोचला, तर तक्रार करणाऱ्याला ब्लॉक करू नका. बदलून द्या. तो माणूस पुढे दहा जणांना काय सांगतो, यावर तुमचं नाव ठरणार आहे.

आपल्या भागातून ऊस, कांदा, दूध वर्षानुवर्षं गाड्या भरून बाहेर जातं आणि तिकडे जाऊन बिननावाचं होतं. आधीच्या पिढीकडे माल होता, पण गिऱ्हाइकापर्यंत थेट पोचायची सोय नव्हती. तुमच्या हातात ती आहे. पुढचं लेबल डिझाइन कराल, तेव्हा गावाचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात टाकू नका. समोर लिहा, मोठ्या अक्षरात.