पाणीपुरवठा योजनांच्या त्रयस्थ तपासणीसाठी स्वतंत्र निधी मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नांदेड / मा. जिल्हाधिकारी, लातूर

विषय : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पाणीपुरवठा योजनांच्या बांधकामाची त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करण्यासाठी स्वतंत्र व राखीव निधी देणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामस्थ, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांचे सदस्य आणि बचत गटांतील महिला आपणास पुढीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा, 12 एप्रिल 2016 रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटर या निकषाने ते जेमतेम नऊ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी. आज गावात 1 लाख लिटरची नवी टाकी बांधली आणि तिच्यातून रोज दहावा हिस्सा झिरपला, तर 180 माणसांचे पाणी रोज मातीत जाते. ज्या भागाने रेल्वेने आलेले पाणी मोजून घेतले, त्याला ही गळती परवडणारी नाही.

15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये देयक देण्यापूर्वी त्रयस्थ तपासणी करण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. परंतु 2025 मध्ये केंद्र शासनाने योजनांच्या पाहणीसाठी पथके पाठवल्यानंतर अनेक राज्यांत अधिकारी व ठेकेदारांबरोबर त्रयस्थ तपासणी संस्थांवरही कारवाई झाली. म्हणजे ज्यांनी दोष दाखवायचा, त्यांच्याकडूनच दोष झाला. तपासणारा स्वतंत्र असल्याचे कागदावर लिहून भागत नाही. त्याचे पैसे कोण देतो, कधी देतो आणि कशाच्या हिशेबाने देतो, यावर त्याचे स्वातंत्र्य ठरते.

तपासणीचे शुल्क मंजूर देयकाच्या टक्केवारीत ठरले, तर काम नापास करणाऱ्या तपासनिसाचाच तोटा होतो. काम करून घेणाऱ्या कार्यालयाकडूनच त्याला शुल्क मिळणार असेल, तर तो त्या कार्यालयाचा मिंधा होतो. आणि शुल्क महिनोन्‌महिने मिळाले नाही, तर तो गावात न येता छायाचित्रांवर अहवाल लिहितो.

आमच्याकडे ही तपासणी वेळेवर होण्याला विशेष महत्त्व आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाइप पुरेसा खोल नसेल, खाली-वर मऊ भरणी नसेल, तर एकदोन पावसाळ्यांत सांधे निखळतात. चर बुजवल्यावर यातले काहीच दिसत नाही. टाकीचेही तसेच. सळई किती व कशी बांधली, हे काँक्रीट ओतण्यापूर्वीच पाहता येते. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या औसा-निलंगा भागात उंच टाकीची सळई ही किरकोळ बाब नाही.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. चार-आठ दिवसांनी पाणी सुटते तिथे मधले दिवस नळवाहिनी रिकामी असते आणि सैल सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. जून 2024 मध्ये नांदेडजवळच्या नेरली गावात दूषित पाण्यामुळे मोठ्या संख्येने ग्रामस्थ आजारी पडले. तशी वेळ कोणत्याही गावावर पुन्हा येऊ नये, ही आमची कळकळ आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात मंजूर रकमेच्या किमान 1 टक्का रक्कम त्रयस्थ तपासणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवावी. कार्यारंभ आदेशापूर्वीच ती जमा करावी व अन्य कामाकडे वळवू नये.

2. काम करून घेणाऱ्या विभागाने किंवा ठेकेदाराने हे शुल्क देऊ नये. ते जिल्हाधिकारी स्तरावरून, अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत दिले जावे.

3. शुल्क देयकाच्या टक्केवारीत न ठरवता प्रत्यक्ष भेटींवर ठरवावे. काम नापास झाले तरी शुल्क पूर्ण मिळावे.

4. चर बुजवण्यापूर्वी, टाकीचे काँक्रीट ओतण्यापूर्वी, वाहिनीच्या दाब चाचणीच्या वेळी आणि टाकीच्या गळती चाचणीच्या वेळी, अशा किमान चार भेटी सक्तीच्या असाव्यात. टाकी भरून सात दिवस ठेवावी व पुढील सात दिवस पातळी मोजावी.

5. किनवट, माहूर, जळकोट अशा तालुक्यांतील तांडे-वाड्यांच्या लहान योजनांची 1 टक्का रक्कम प्रवासालाही पुरणार नाही. अशा योजनांचा तपासणी निधी तालुकानिहाय एकत्र करून कमी पडणारी रक्कम शासनाने द्यावी.

6. पाइप व काँक्रीटच्या नमुन्यांची चाचणी नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, लातूरचे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन अशा संस्थांकडून करून घ्यावी व त्यासाठी त्यांना साधने आणि मनुष्यबळाचा खर्च द्यावा.

7. प्रत्येक भेटीची सूचना तीन दिवस आधी ग्राम पाणीपुरवठा समितीला द्यावी. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा व ग्रामसभेत वाचावा. गावांतर्गत कामाच्या खर्चात 10 टक्के, काही गावांत 5 टक्के लोकवर्गणी ठेवली आहे. म्हणून काम पाहण्याचा हक्कही गावाचा आहे.

ही मागणी ठेकेदारांच्या विरोधात नाही. चोख काम करणाऱ्याचे देयक अडू नये, यासाठी तपासणी वेळेत झाली पाहिजे, हेही आमचे म्हणणे आहे. मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली आहे. अपुऱ्या योजनांची सुधारित अंदाजपत्रके मंजूर करतानाच ही तरतूद करणे शक्य आहे.

तरी वरील मागण्यांवर निर्णय घेऊन आम्हास लेखी कळवावे आणि दोन्ही जिल्ह्यांतील समित्यांच्या प्रतिनिधींसोबत बैठक लावावी, ही नम्र विनंती. आमच्या गावांतले अनेक चर अजून उघडे आहेत. ते बुजण्याआधी कोणी तरी येऊन पाहावे, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

आपले विश्वासू,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामस्थ व ग्राम पाणीपुरवठा समिती सदस्य
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीस्तव :
1. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नांदेड / लातूर
2. मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, मुंबई