मोहोळाचे नवे घर

मध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम धूर आणि जळती चूड उभी राहते. माश्यांना हुसकावे, पोळे कापावे, मध पिळावा, ही जुनी रीत. तिला माझा विरोध आहेच. परंतु मोहोळ पेटीत आणून बसविले म्हणजे कार्य सिद्धीस गेले, या समजुतीलाही आहे. ही समजूत माझीच होती.

गतवर्षी शाळेच्या दगडी बांधाच्या पोकळीत सातेरी माश्यांचे मोहोळ सापडले. (गोव्यात वारुळाच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या देवीचे नावही सातेरीच!) सुताराकडून आडव्या पट्ट्यांची पेटी करून घेतली. या पेटीत चौकटी नसतात. वर सुमारे 30 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या एकमेकींना भिडवून ठेवायच्या आणि प्रत्येकीखाली माश्यांनी आपल्या मनाने पोळे टांगायचे. तिन्हीसांजेस अंड्या-अळ्यांची पोळी कापून, त्यांची वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपटाने पट्ट्यांना बांधली. राणी आत गेली, तशा बाकीच्या आपण होऊन मागोमाग गेल्या. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सर्व यथासांग झाले.

मग आमचा उतावीळपणा आड आला. रोज मधल्या सुटीत पट्टी उचलून पाहायचे! स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी एक पोळे बाहेर काढले. नवे मेण मऊ. आडवे धरताच ते तुटून पडले. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी होती. सातेरीला छळ सोसवत नाही; ती घरच सोडून जाते. दोष मुलांचा नव्हे, पट्टी मी उचलली होती.

कोणी म्हणतील, चौकटींची पेटी घ्यावी. तिच्यातील मध यंत्राने निघतो आणि पोळे शाबूत परत देता येते. हे खरे आहे. मध विकणाऱ्याने तीच घ्यावी. शाळेला माशीची ओळख हवी आहे, मधाचा बाजार नव्हे.

यंदा दुसरे मोहोळ बसविले आहे. घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडावयास जवळजवळ तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस पेटीस हात लावावयाचा नाही, असे मी फळ्यावर लिहून ठेवले. पहिल्या वर्षीचा मधही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या चार महिन्यांच्या पावसात तो त्यांच्याच उपयोगी पडेल. काही हितचिंतकांना हे पटलेले नाही. त्यांनी बाटल्यासुद्धा आणून ठेवल्या आहेत.

आठवीच्या मुली मात्र दूर बसून दाराकडे पाहतात, आणि पायांना परागाचे पिवळे गोळे लावून कितीजणी आत शिरल्या ते वहीत टिपून घेतात.